दुसऱ्या गिअरातला दसरा

मामांची फटफटी आमच्या दारात येऊन रुसली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आणि माझ्याबद्दल घरात दोन मतं होती. आई म्हणायची, पोराच्या हातात कला आहे. वडील म्हणायचे, पोराच्या हाताला नुसतं तेल आहे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. मेहकरहून सुलतानपूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव, आणि गावाला लागून आमचा मळा. मळ्यात वांगी, मिरची, मेथी, आणि दसरा-दिवाळीच्या बेतानं लावलेला झेंडू. वडील तिथं पहाटेपासून असत. मी मात्र विहिरीवरचं इंजिन बिघडलं तरच उगवायचो. ते बिघडायची मी वाट बघतो हेही वडिलांना पक्कं ठाऊक होतं.

खोटं कशाला बोलू, होतोच मी तसा. निंदणाला बसलो की तासाभरात कंबर धरायची, पण इंजिनाचं झाकण उघडून बसलो तर जेवणाची आठवण राहत नसे. गावातली तीन इंजिनं मी उघडून पुन्हा जोडली होती आणि तिन्ही चालली होती. तिसऱ्याला जरा वेळ लागला, एवढंच. शिवाय माझा स्वभाव तापट. कोणी माझ्या कामाला नावं ठेवली की डोक्यात तिडीक जायची. वडिलांचा स्वभाव माझ्याहून वेगळा होता असं नाही, म्हणून आमचं दोघांचं बोलणं बहुतेक वेळा आईमार्फत चालायचं.

मामांचं खामगावला कापडाचं दुकान होतं. राखीपौर्णिमेला ते आईकडून राखी बांधून घ्यायला फटफटीवर यायचे. त्या वर्षी आले ते घामाघूम होऊन, शिव्या देत. गाडीचा दुसरा गिअर सुटत होता. टाकला की चार हात गाडी नीट चालायची, मग खट्‌कन आवाज होऊन गिअर बाहेर आणि इंजिन मोकळंच ओरडतंय. निम्मा रस्ता मामांनी गिअरच्या दांडीवर पाय दाबून काढला होता. त्यांचा पाय सुजला होता आणि डोकंही.

"दाजी, हे धूड भंगारात टाका," मामा वडिलांना म्हणाले. "मी बशीनं जातो. आन् दसरा झाला की पोराले माह्याकडं धाडून द्या. दिवाळीचा हंगाम हाये, दुकानात मानूस पायजे."

वडिलांनी लगेच मान हलवली. स्वच्छ कपडे घालून गादीवर बसायचं, बायाबापड्यांना लुगडी उलगडून दाखवायची, असं काम पोराला मिळत असेल तर त्यांना हवंच होतं. मलाही दुकान काढायचं होतं, पण दुरुस्तीचं. इंजिनं, पंप, आणि आता रस्त्यावर दिसू लागलेल्या फटफट्या. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. बोललो कसला, ओरडलोच.

वडील शांतपणे सुपारी कातरत होते. कातरून झाली तेव्हा म्हणाले, "हे पाह्य. दसऱ्याच्या दिवशी याच फटफटीवर मले मांगं बसव आन् गावाची शीव ओलांडून दाखव. दाखवली तं टाक तुहं दुकान. नाही तं मुकाट्यानं मामाच्या दुकानात कापड मोज."

आमच्याकडं दसऱ्याला दिवस कलता कलता सगळं गाव वाजतगाजत शिवेपर्यंत जातं, शीव ओलांडतं आणि आपट्याची पानं सोनं म्हणून घेऊन परत येतं. म्हणजे माझी परीक्षा अख्ख्या गावासमोर होणार होती. मी "हाव" म्हणून टाकलं. गिअरपेटी आतून कशी असते हे मी तोवर बघितलेलं नव्हतं.

राखी ते दसरा म्हणजे दोन महिने. एवढ्या दिवसांत माणूस काहीही शिकतो असं मला वाटलं होतं. त्यातले आठ दिवस एका नटानं खाल्ले. क्लचच्या मधोमध बसलेला तो नट काही केल्या हलेना. मी पाना लावला, पान्याला पाइप लावला, पाइपवर उभा राहिलो. शेवटी कोणीतरी सांगितलं की तो उलटा फिरवून बघ, आणि तो पोरीच्या वेणीसारखा सुटला. आठ दिवस मी तो जीव खाऊन घट्ट करत होतो. हे मी वडिलांना सांगितलं नाही. पण त्यांनी ओसरीवरून सगळं पाहिलं होतं, आणि बरेच दिवस ते मधूनच आपल्याशीच हसायचे.

पेटी उघडली आणि माझे डोळे फिरले. आत दोन दांडे, त्यांवर गिअरच्या दातेरी चकत्या, चकत्यांच्या मध्ये पातळ वायसर म्हणजे वॉशर, दांड्यांच्या टोकाला बेअरिंगचे छर्रे, आणि चकत्यांना इकडून तिकडं सरकवणारे दोन लोखंडी चिमटे. हे सगळं काळ्याकुट्ट तेलात बुडालेलं. मी वडिलांचं एक जुनं धोतर ओसरीच्या कोपऱ्यात अंथरलं आणि पेटीतून निघेल तसा एकेक भाग डावीकडून उजवीकडं ओळीनं मांडत गेलो. जसं निघालं तसं उलट्या क्रमानं घालायचं, म्हणजे झालं. कागदावर लिहून ठेवायची अक्कल मला तेव्हा नव्हती, आणि कोणी दिली असती तरी मी घेतली नसती.

रोग सापडला. दुसऱ्या गिअरला सरकवणारा चिमटा वाकला होता आणि त्याची एक बाजू झिजली होती, त्यामुळं गिअर पुरता आत बसतच नव्हता. आमच्या गावच्या लोहारकाकांनी तो तापवून सरळ केला, झिजलेल्या बाजूला पत्रा चढवला आणि कानशीनं घासून दिला. हे करायला त्यांना महिना लागला, कारण पेरणीच्या तिफणी आणि विळे-खुरपी माझ्या चिमट्याच्या आधी रांगेत होते. चिमटा हातात पडला तो अष्टमीला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आणि तिसऱ्या दिवशी दसरा. मला काळजी नव्हती. धोतरावर सगळं ओळीनं मांडलेलं होतं. खंडेनवमीला सकाळी बसायचं आणि दुपारपर्यंत पेटी बंद करायची, असा माझा हिशेब होता. सकाळी आधी नदीवर जाऊन मस्त पोहून आलो.

परत आलो तर ओसरीचा कोपरा रिकामा.

खंडेनवमीला आमच्या घरी लोखंडाची पूजा असते. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, खुरपी, आईची विळी, वडिलांचा अडकित्ता, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याच्या दिवशी पूजा उचलेपर्यंत त्यातलं काहीही वापरायचं नाही. दरवर्षीचीच पूजा. मी आत डोकावलो आणि दारातच खिळलो. पाटाच्या मधोमध, फाळाच्याही पुढं, मानाच्या जागेवर माझी गिअरपेटी मांडली होती. चिंच आणि राख लावून घासलेली प्रत्येक चकती चांदीगत चमकत होती. सगळ्यात मोठी चकती खाली, तिच्यावर त्याहून लहान, मग त्याहून लहान, अशी सुरेख उतरंड रचलेली. प्रत्येकीला हळदकुंकवाची पाचपाच बोटं. दांड्यांना झेंडूच्या माळा. वायसर सगळे एका वाटीत. आणि छर्रे अक्षतांमध्ये.

"माय!" मी असा ओरडलो की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. "हे काऊन केलं तू? कोणी सांगतलं होतं तुले?"

आई हात पुसत आली. तिच्या हातांची नखं तेलानं काळी झाली होती. "काऊन रे? तू नदीवर गेला तव्हापासून घासून राह्यली मी. तुह्या औजारांची पूजा नोको व्हायले? उद्या तुही परीक्षा हाये ना बाबा."

"अवं, त्याचा क्रम होता! कोन्तं कोन्त्याच्या मांगं होतं, आता काय देवाले विचारू?"

"मले काय मालूम?" ती म्हणाली. "मले वाटलं पसारा हाये."

मी आणखी बरंच बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही, कारण मला अजून त्याची लाज वाटते. आई चुलीपाशी गेली आणि पुरणाची डाळ ढवळत बसली, आणि तिची पाठ बघून मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. पण राग आणखी उरला होता, म्हणून मी पाटाकडं वळून वरची चकती उचलायला गेलो.

"हात लावू नोको." दारात वडील उभे होते. त्यांच्या खांद्यावर झेंडूचं गाठोडं होतं. "पूजेतलं हालवायचं नसते."

"मंग मी जोडू कव्हा?"

"उद्या. पूजा उचलली की."

आमच्या घरी पूजा उचलायची म्हणजे सगळ्यांच्या आंघोळी, नैवेद्य, आरती, सगळं होईपर्यंत उन्हं डोक्यावर यायची. दुपारचं जेवण धरलं तर माझ्या हातात तीनचार तास उरत होते, आणि क्रम गेलेला. वडील मुद्दाम करतायत असं मला वाटलं. मी तिरमिरीत मळ्यात गेलो आणि दिवसभर झेंडू तोडला. त्या एका दिवसात मी जेवढं शेतकाम केलं तेवढं वर्षभरात केलं नव्हतं.

दसऱ्याला अजून तांबडं फुटत होतं तेव्हा कोणीतरी माझं पांघरूण ओढलं. वडील होते. अंगावर ओलं धोतर, कपाळाला गंध, एवढ्या पहाटे आंघोळ करून मोकळे झालेले.

"ऊठ बे," ते म्हणाले. "पूजा उचलली."

एवढंच बोलून ते मळ्याकडं निघून गेले. मी पाटाकडं धावलो. पूजेतली खुरपी, विळे, फाळ सगळं बाजूला काढून ठेवलेलं होतं आणि गिअरपेटीचे भाग तेवढे एका सुपात भरून ओसरीवर आणून ठेवले होते. वडिलांनी माझ्यासाठी देवालासुद्धा घाई केली होती. मला ते तेव्हा कळलं आणि बरं वाटलं, पण आनंद मानायला वेळ नव्हता. मी सूप पुढं ओढून बसलो आणि त्यातल्या चकत्यांकडं बघत राहिलो. त्याही माझ्याकडं बघत राहिल्या.

तेवढ्यात आई आली. कालपासून ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि मीही. तिच्या हातात ते जुनं धोतर होतं.

"हे घे हात पुसायले," ती म्हणाली. "धुवायले काढलं होतं, पन याचे डाग काही निंगत नाहीत. गोलगोल डाग पडले नुसते."

मी धोतर हिसकावूनच घेतलं. ओसरीवर पसरलं. महिनाभराहून जास्त तेलात माखलेला प्रत्येक भाग ज्या जागी बसला होता त्या जागी आपला काळा शिक्का ठेवून गेला होता. डावीकडून उजवीकडं, मोठे गोल, लहान गोल, लांबट पट्टे. कागदावर मी जे लिहून ठेवलं नव्हतं ते वडिलांच्या धोतरावर उमटलं होतं.

"माय," मी म्हणालो, "काल मी जे बोललो ते..."

"ते राहू दे. आधी हे काम कर," ती म्हणाली आणि समोर बसली.

मग आम्ही दोघं मांडत गेलो. मी एक चकती उचलायचो, आई ती डागांवर फिरवून बघायची. "अठी नाही बसत, तठी पाह्य." तिची नजर माझ्यापेक्षा पक्की होती. जन्मभर भाकरी तव्याच्या मापानं थापणारी बाई ती, गोलातला बोटभर फरक तिला लांबून दिसायचा. छर्रे निवडायचं कामही तिनंच केलं. तांदूळ निवडताना खडे बाजूला काढतात, तिनं खडे ठेवले आणि तांदूळ काढले. आम्ही दोघंही त्यावर इतकं हसलो की पुरणपोळ्या करायला उशीर झाला.

जेवायच्या वेळेपर्यंत सगळं दांड्यांवर चढलं होतं. एक वायसर सोडून. कागदासारखा पातळ, रुपयाएवढा, आणि त्याच्यासाठी धोतरावर डागच नव्हता. मी तो बहुधा काढतानाच कुठल्यातरी चकतीवर ठेवला असणार, त्यामुळं कापडाला लागलाच नाही. आता तो कुठल्या चकतीवरचा, ते कोण सांगणार? मी त्याला दोन ठिकाणी घालून बघितलं, दोन्हीकडं अडला. शेवटी देवाचं नाव घेऊन त्याच्याशिवाय पेटी बंद केली.

"हा उरला ना रे," आई म्हणाली.

"असू दे. एखादा उरतेच," मी म्हणालो. अशी थाप मारायला फार मोठा कारागीर लागतो असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी चारच्या सुमाराला मी फटफटी अंगणात काढली. वडील डोक्याला नवं पागोटं बांधून आले. त्यांनी काही न विचारता हँडलला झेंडूचा हार घातला. मळ्यातली सगळ्यात टपोरी फुलं होती ती, बाजाराला न पाठवलेली. मी किक मारली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा धडधड सुरू झाली आणि गल्लीतली कुत्री पळाली. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला पाय लावला. दांडी पहिल्याला शिवलीच नाही. खाडकन दुसऱ्यात जाऊन बसली.

मला वाटलं, चुकून झालं असेल. बाहेर काढून बघतो. पाय मारला, निघेना. टाच मारली, निघेना. जो गिअर दोन महिन्यांपूर्वी थांबत नव्हता तो आता जागचा हलायला तयार नव्हता. क्लच पुरा दाबूनही गाडी पुढं ओढ घेत होती. थांबवली तर बंद पडणार, आणि गिअरात अडकलेली गाडी किकनं पुन्हा सुरू होणार नव्हती.

"बसा बाबा, लवकर बसा," मी ओरडलो. वडील जन्मात फटफटीवर बसले नव्हते. त्यांनी एका हातानं पागोटं धरलं, दुसऱ्या हातानं माझा खांदा, आणि बसले. आम्ही निघालो. गाडी थोडी कण्हली, पण निघाली. दुसऱ्या गिअरात, सायकलच्या वेगानं, गल्लीतून, चावडीवरून, शिवेच्या रस्त्याला. पुढं डफडं वाजवत गाव चाललं होतं. लोक बाजूला होत होते, हात करत होते, कोणी ओरडत होतं, "पाटलाच्या पोरानं चालवली बे!" आम्ही पाटील नव्हतो. पण त्या दिवशी कोणी काही म्हटलं तरी चालण्यासारखं होतं.

ओढ्याच्या अलीकडं शिवेचा दगड आहे. आम्ही तो ओलांडला. आपट्याच्या झाडाखाली माणसं जमली होती, वडिलांसाठी त्यांनी सोनं धरून ठेवलं होतं. तिथं थांबायला पाहिजे होतं. मी जिंकलो होतो, पण मला गोड लागत नव्हतं. वडिलांनी पहाटे आंघोळ करून माझ्यासाठी पूजा उचलली होती, आणि मी त्यांना अर्धवट गाडीवर बसवून शीव ओलांडली होती. ते माझ्यानं पोटात ठेववेना.

"बाबा," मी मागं न बघता म्हणालो, "खरं सांगतो. गाडी दुरुस्त झाली नाही. पहिला पडत नाही, तिसरा पडत नाही. एका दुसऱ्यावरच चालून राह्यली. थांबवली तं बंद पडन, आन् मंग सगळ्या गावासमोर ढकलत न्या लागन. एक वायसर उरला. मी जातो उद्या मामाकडं."

झाडाखालची माणसं हात करत होती, आम्ही त्यांच्या समोरून धडधडत निघून गेलो. रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर उभी होती.

"मामाचं काय गाऱ्हाणं होतं?" वडिलांनी माझ्या कानाशी ओरडून विचारलं.

"दुसरा गिअर सुटते, म्हनून."

"आता सुटते काय?"

"नाही."

"मंग?" ते म्हणाले. "जे बिघडलं होतं ते दुरुस्त झालं. बाकीचं दुकान उघडल्यावर कर."

मग त्यांनीच पुन्हा विचारलं, "पेट्रोल कोठवर पुरन?"

"मेहकरपर्यंत पुरन."

"मंग थांबू नोको. मेहकरले चाल. दुकानाच्या पाटीचं सांगून येऊ. दसऱ्याचा मुहूर्त कायले सोडाचा?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वाऱ्यानं आलं असं सांगावं म्हटलं तर तीही सोय नव्हती, दुसऱ्या गिअरात वारा लागतच नाही.